धुराचं गाव

विलियाना हिकमन १८७८च्या वसंतात केंटकीहून नवऱ्याबरोबर कॅन्ससला आली. एलिस स्टेशनवर गाडी सोडल्यावर पुढे दोन दिवस ओसाड माळावरून प्रवास. बरोबरचे लोक एकाएकी हरखून गेले, गाव आलं म्हणून. तिला मात्र काहीच दिसेना. कुठे आहे गाव, असं तिनं विचारलं तेव्हा नवऱ्यानं बोट दाखवलं. जमिनीतून धूर निघत होता. माणसं खड्डे खणून त्यांत राहत होती आणि आत चुली पेटल्या होत्या. विलियानाला रडू कोसळलं.

ते निकोडेमस. आदल्याच वर्षी, १८७७ मध्ये वसलेलं. गुलामगिरी कायद्यानं संपून बारा वर्षं झाली होती, पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या माणसाच्या वाट्याला अजून दुसऱ्याची जमीन आणि स्वतःची भीतीच होती. अशांना डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी पत्रकं वाटून बोलावलं. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत. पत्रकांत समृद्धी होती. माळावर झाडही नव्हतं. झाड नाही म्हणून लाकूड नाही, लाकूड नाही म्हणून घर नाही. कित्येक कुटुंबं तिथूनच माघारी फिरली. जे राहिले त्यांना पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी अन्न दिलं, असं गाव सांगतं. हिकमन कुटुंब त्या मुलखात राहिलं. रडून झाल्यावर उठून कामाला लागलेल्या त्या बाईपुढे मला सगळे शूरवीर लहान वाटतात.

खड्ड्यांतून माणसं वर आली. देवळं झाली, शाळा झाली, हॉटेल झालं, दोन वर्तमानपत्रंसुद्धा निघू लागली. आता फक्त आगगाडी यायची होती. ती यावी म्हणून गावानं कर्जरोख्यांना मतं दिली. पण १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचे रूळ सॉलोमन नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून गेले. व्यापाऱ्यांनी दुकानं उचलली आणि रुळांशेजारी नेली. तिथं बोग हे गाव झालं. माणसांनी कमावलेलं गाव नकाशावरच्या एका रेघेनं पोरकं केलं, याचा मला आजही राग येतो.

पुढची ओहोटी सावकाश होती. दुष्काळ, मंदी, धुळीची वादळं. १९५३ मध्ये पोस्टही बंद झालं. तरी मंदीच्याच दशकात, १९३९ मध्ये, सरकारी रोजगार योजनेतून तिथं चुनखडीच्या दगडाचा टाउनशिप हॉल उभा राहिला. ज्यांच्या आजी-आजोबांनी जमिनीत खड्डा खणून घर केलं, त्यांच्या गावात सभेसाठी दगडी भिंती! १९९६ पासून हे सारं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तिथं कायम राहणारी माणसं मात्र मूठभरच.

पण जुलैअखेरीस गाव भरतं. दूरदूरच्या शहरांतून पणतू-खापरपणतू येतात; मिरवणूक निघते, प्रार्थना होते, पंगती बसतात. हा उत्सव मुळात १ ऑगस्टचा. १८३४ साली त्या दिवशी ब्रिटिशांच्या कॅरिबियन बेटांवर गुलामगिरी रद्द करणारा कायदा लागू झाला. त्या बेटांशी या लोकांचा संबंध एवढाच की तिथलेही कधीकाळी विकले गेले होते. निकोडेमसवाल्यांची स्वतःची सुटका तीसेक वर्षांनंतरची, तरी वर्षाचा सण म्हणून त्यांनी आधी सुटलेल्यांचा दिवस निवडला.