सर्वांसमोर सांगितलेली चूक

मुलगा नोकरीनिमित्त नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे गेला, त्यास आता तीन वर्षे झाली. इस्लापूरच्या घरातून रोज त्याच्याशी बोलणे होते. पहिल्याच महिन्यात तो हिरमुसल्या स्वरात म्हणाला, “बाबा, आज बैठकीत एका सहकाऱ्याने माझा हिशेब चुकल्याचे सर्वांसमोर सांगितले.” मला तो सरळ अपमान वाटला. वरिष्ठांकडे तक्रार कर, असा सल्लाही मी देऊन टाकला. पण वरिष्ठ त्याच बैठकीत होते! तेथे त्यांनाही सगळे पहिल्या नावानेच हाक मारतात. तो सहकारी दुपारी मुलाशेजारीच बसून पाव आणि चीज खात होता, जणू काही घडलेच नाही.

गतवर्षी आम्ही उभयता तेथे दोन महिने राहिलो. दहाची वेळ म्हणजे दहाच. मित्राकडे जायचे तरी आधी विचारून दिवस ठरवायचा. कार्यालयात ज्याचा वाढदिवस, केक त्यानेच न्यायचा. सायंकाळी सहाच्या सुमारास जेवण्याची त्यांची रीत मात्र सौभाग्यवतींना फारच आवडली. समुद्रसपाटीखालची जमीन पाण्यापासून राखायची, तर तेथे शेजाऱ्यांना एकत्र बसून बोलणे भागच होते. सर्वांचे ऐकून सहमतीने निर्णय घेण्याच्या पद्धतीला तेथे त्या जमिनींवरूनच ‘पोल्डर मॉडेल’ म्हणतात. चर्चा लांबते, आपल्या माणसाला ती कंटाळवाणीही वाटते. परंतु नवख्यालाही तेथे मत विचारले जाते आणि ‘हे मला पटत नाही’ असे म्हटल्याने कोणी दुखावत नाही.

हे पाहताना मला एक जुना प्रसंग आठवत राहिला. मी शाखेत अधिकारी असताना एका कर्जप्रस्तावातील तारणाचे मूल्यांकन फुगवलेले दिसते, असे एका तरुण लिपिकाने सर्वांसमोर सांगितले. “तुम्ही तुमचे काम पाहा,” म्हणून मी त्याला गप्प बसवले. पुढे ते खाते थकले. चौकशी झाली, तेव्हा त्याने त्या दिवसाचा उल्लेखही केला नाही.

परत आल्यावर मी त्याला दूरध्वनी केला आणि चूक माझी होती, हे सांगितले. तो क्षणभर थांबला. “साहेब, त्या दिवसानंतर मी बैठकीत कधी बोललोच नाही,” एवढेच म्हणाला.

मला उत्तर सुचेना. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा पाहायला सहकुटुंब या, असे काहीसे बोललो. तो येतो म्हणाला आहे.