खंडेनवमीचा टोप

जुन्या बाजारात जाताना माझ्या खिशात पाकिटाबरोबर एक छोटा लोहचुंबक असतो. पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, पितळी कुलपं मांडलेली असतात आणि कधीतरी त्यातच एखादा लष्करी टोप उपडा पडलेला असतो. “साहेब, वर्ल्ड वॉरचा माल आहे,” असं विक्रेत्याने म्हटलं की मी चुंबक काढून टोपाच्या घुमटाला लावतो. तो चिकटला नाही तर माल बहुधा खरा. शेजारचं गिऱ्हाईक मात्र “लोखंड नाही, फसवतोय” म्हणून पुढे सरकतं, ते माझ्या पथ्यावरच पडतं.

यामागची गोष्ट शेफील्डमधली. तिथल्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली पोलादात साधारण बारा टक्के मँगेनीज घालून पाहिलं. त्या पोलादाला मार बसेल तसं ते जास्त कठीण होतं आणि चुंबकाला दाद देत नाही. १९१५ मध्ये जॉन ब्रॉडी यांनी ब्रिटिश सैन्यासाठी टोपाचा नमुना काढला. आकार उपड्या परातीसारखा, कारण खंदकातल्या शिपायाला खरी भीती वरून कोसळणाऱ्या तुकड्यांची होती. थोड्याच काळात हे टोप हॅडफील्डच्या पोलादाचे होऊ लागले. १९१६ पासून धारदार काठावर साध्या पोलादाची पट्टी दुमडून बसवायला सुरुवात झाली. त्यामुळे अशा पहिल्या महायुद्धातल्या टोपाच्या घुमटावरून चुंबक घसरत खाली येतो आणि कडेला टक्कन बसतो. तो ‘टक्’ ऐकला की घासाघीस करताना चेहरा कोरा ठेवणं अवघड जातं.

चुंबक चिकटला तरी माल खोटाच असतो असं नाही. दुसऱ्या महायुद्धात नागरी संरक्षणासाठी साध्या पोलादाचे टोप निघाले. हे कमी ताकदीचे आहेत हे कळावं म्हणून त्यांच्या काठाला भोकं पाडत. माझ्याकडे असा एक आहे, मुंबईच्या चोरबाजारातला. वरच्या काळ्या रंगाखाली पांढरा थर आणि त्यावर ‘ए.आर.पी.’ या इंग्रजी अक्षरांच्या पुसट खुणा आहेत, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावासाठी नेमलेल्या पथकाचा. विकणारा म्हणाला, १४ एप्रिल १९४४ ला गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं तेव्हाचा आहे. असेलही. पण मुंबईत असे टोप त्याच्या आधीही होते आणि नंतरही होते, टोपावर कुठलीच तारीख नाही. मी पैसे टोपाचे दिले, गोष्टीचे नाही.

या छंदात गोष्टी फार स्वस्त मिळतात. प्रत्येक पथारीवरचा टोप बर्मा नाहीतर इटली गाजवून आलेला असतो. प्रत्यक्षात टोप सरकारी मालमत्ता, नोकरी संपली की इतर सामानाबरोबर जमा करायचा. आपल्याकडच्या बाजारात दिसणारे बहुतेक टोप कोठारातून लिलावात आणि लिलावातून भंगारात आलेले. पुण्याला खडकी आणि देहूरोडच्या लष्करी कोठारांचा शेजार आहे, त्यामुळे इथल्या भंगारवाल्यांना त्यांचं अप्रूप नाही. शिवाय १९३८ च्या दुसऱ्या नमुन्याचे, म्हणजे मार्क दोनचे टोप स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं आपल्या लष्करात होते. त्यामुळे अनेकांच्या अंगावर खाकीवर हिरवा आणि हिरव्यावर काळा असे रंग चढलेले असतात.

टोप उलटा केला की खरी ओळख सुरू होते. अस्तर माथ्यावर रिव्हेटने जखडलंय की स्क्रूने? रिव्हेट असेल तर पहिला नमुना, स्क्रू असेल तर बहुधा दुसरा. काठाच्या आतल्या बाजूला ठोकलेली अक्षरं रंगाखाली बुजलेली असतात, ती तिरप्या उजेडात बॅटरी धरून वाचायची. ‘बीएमबी’ म्हणजे डॅगनहॅमची ब्रिग्ज मोटर बॉडीज, ‘जेएसएस’ म्हणजे जोसेफ सँकी. मोटारींचे पत्रे आणि पंख घडवणाऱ्या कारखान्यांनी माणसांच्या डोक्यांचे पत्रे घडवले. आणि काठाच्या मागच्या बाजूला ओळीत तीन भोकं दिसली तर तो टोप दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला. भोकांची भाषाही जागेवर ठरते, हे नवशिक्यांना पटकन उमगत नाही.

ही तीन भोकं मला एकदा बाजारात नाही, घरातच भेटली. सातारा जिल्ह्यातून एक आजी, त्यांचा मुलगा आणि नातू टोप घेऊन आले. आजींचे सासरे पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये होते आणि इटलीत लढले, असं घरात सांगतात. त्या आघाडीवर मराठा पलटणींनी काय केलं ते सांगायला यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ही दोन नावं पुरेत; दोघांनाही तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. तरीही घरातल्या गोष्टीवर मी सवयीने फुली मारायच्या तयारीत होतो. टोप उलटा केला तर मागे तीन भोकं, आणि काठाच्या आत इंग्रजी ‘यू’च्या पोटात सरकारी बाण, म्हणजे युनियन ऑफ साउथ आफ्रिकेचा शिक्का. दक्षिण आफ्रिकेतले टोप उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या फौजांना मोठ्या प्रमाणावर दिले गेले होते, आणि इटलीत गेलेल्या भारतीय पलटणी त्याच बाजूने तिकडे पोचल्या होत्या. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पण गोष्ट खोटी म्हणायची माझी सोय संपली. जमा करायचा टोप घरी कसा आला, हे मी विचारलं नाही.

मुलाची मागणी साधी होती. “काका, गंज काढून चकाचक करा. वरनं ऑलिव्ह ग्रीन मारा आन् पुढं रेजिमेंटचा बिल्ला काढा. हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवायचाय.”

मी त्यांच्यासमोर कानकोरणीच्या कापसाला जरासं ॲसिटोन लावलं आणि काठाच्या आतल्या बाजूला नखाएवढी जागा हलक्या हाताने पुसली. वरचा काळपट हिरवा सुटला आणि खाली वाळूच्या रंगाचा थर निघाला, खरबरीत, कारण टोप उन्हात चमकू नये म्हणून रंगात वाळू मिसळत. नातू पुढे झुकून बघत होता. तो म्हणाला, “म्हणजे वाळवंटातला?” मी म्हटलं, वाळवंटाच्या रंगाचा. एवढंच म्हणता येतं.

नवा रंग दिला असता तर हे सगळं खरवडून काढावं लागलं असतं. पॉलिश पेपर, रॉकेल, बफिंगचं चाक ही या छंदातली सगळ्यात खर्चिक आयुधं आहेत, कारण त्यांनी गेलेला रंग कुठल्याच किमतीला परत मिळत नाही. माझं काम फार तर साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं करणं आणि शेवटी मेणाचा पातळ हात. उघड्या पडलेल्या गंजावर टॅनिक आम्ल लावलं की तांबडा गंज निळसर काळा आणि स्थिर होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, तिच्या काळेपणातही टॅनिन आणि लोखंडाचीच जोडी असते. अस्तराला मात्र हात लावताना मी मास्क घालतो. जुन्या ब्रिटिश टोपांच्या अस्तरात काही वेळा ॲस्बेस्टॉस सापडतं, त्यामुळे ते झटकायचं किंवा ब्रशने घासायचं नाही आणि मुलांना असा टोप डोक्यावर घालू द्यायचा नाही. नातवाने घरून येताना बसमध्ये तो घातला होता हे तेव्हा कळलं.

गंजाची जागा विचित्र होती. बाकी टोप बरा, पण माथ्याभोवती गंजाचं अर्धवट कडं पडलेलं आणि त्याच्या मध्ये तांबूस, घट्ट बसलेला थर. पावसाने गळलेल्या छपराखाली ठेवला असावा असं वाटलं. मी विचारलं तेव्हा आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परदेशातून आलोय.

“आवं, खंडेनवमीला पुजतो की. कोयता, विळा, पहार आन् ह्यो टोप. हळद-कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा.”

“आणि हार कधी काढता?”

“वाळंल तवा.”

पाण्यात बुडवून ठेवलेल्या झेंडूचा ओला हार दरवर्षी त्याच जागी वाळत होता. गंजाचं कडं म्हणजे त्या हाराचीच वाट होती. तांबूस थर कुंकवाचा. मुलगा खजील झाला, “आई, मी सांगत होतो,” म्हणू लागला. मला तसं काही वाटलं नाही. युद्धाच्या काळाबद्दल टोपावर तीन भोकं आणि एक शिक्का आहे, त्यानंतरच्या इतक्या वर्षांची साक्ष हा कुंकवाचा थरच देतोय. तो मी कुठल्या तोंडाने पुसणार? चोख माल मागणारा संग्राहक तो नक्की पुसून टाकेल आणि त्याची किंमतही वाढेल. म्हणून तर मी हा टोप विकत मागितला नाही.

गंजाच्या कड्यावर टॅनिक आम्ल लावलं, कुंकू सोडून बाकीचा पत्रा पुसून मेण दिलं आणि वाळूचा रंग उघडा पडलेली नखाएवढी जागा तशीच ठेवली, नातवाला दाखवता यावी म्हणून. बिल्ला काढला नाही. मुलगा जरा हिरमुसला, पण काचेच्या पेटीचा बेत कायम आहे. पेटीत ओल धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि पावसाळ्यात त्या बदलायच्या, हे मी त्याला कागदावर लिहून दिलं.

हाराचा प्रश्न आजींशी बोलून सोडवावा लागला. माझं म्हणणं, फुलं टोपाला लागू नयेत. त्यांचं म्हणणं, मग पूजा कसली? शेवटी टोप पाटावर ठेवायचा आणि हार पाटाभोवती घालायचा असं ठरलं. कुंकू मात्र टोपालाच लागणार, त्यावर त्या बधेनात. मी फक्त ते कोरडं लावा म्हटलं, आणि त्याला त्यांनी मान डोलावली.