पट्ट्यावरचं विमान

आमच्या हॉस्टेलवर मेसच्या डाळीइतकाच जुना एक वाद आहे. धावपट्टीच्या जागी भला मोठा कन्व्हेयर बेल्ट. विमान जितक्या वेगाने पुढे, तितक्याच वेगाने पट्टा मागे. विमान उडेल का? निम्मी जनता म्हणते, "ट्रेडमिलवर पळणारा कुठे पोहोचतो का रे?"

माझं मत, उडणारच! मोटारीचं इंजिन चाकं फिरवतं, चाकं रस्त्याला मागे रेटतात, म्हणून मोटार पुढे जाते. विमानाची चाकं मात्र नुसती मोकळी फिरतात. इंजिन हवा मागे फेकतं आणि विमान पुढे जातं. पट्टा पळाला तर चाकं दुप्पट वेगाने गरगरतील, घर्षण किंचित वाढेल, बस्स. पंखांवरून पुरेशी हवा वाहिली, की लिफ्ट मिळते.

२००८ मध्ये 'मिथबस्टर्स'वाल्यांनी हे करूनच दाखवलं. छोटं अल्ट्रालाइट विमान लांबलचक कापडावर ठेवलं, कापड ट्रकने उलट दिशेला ओढलं. विमान उडालं. खुद्द पायलटलाही ते उडेल असं वाटत नव्हतं!

मला खटकतं ते वेगळंच. थ्रस्ट, ड्रॅग, घर्षण आपण पेपरात झकास लिहितो. पण वादात फ्री बॉडी डायग्राम कुणी काढत नाही, आधी आवाज चढतो. 'पट्टा विमानावर नेमकं किती बल लावतो?' एवढं विचारलं तरी भांडण मिटेल. पाठांतरावर पेपर निघतो. उद्या आपण बांधलेला पूल त्यावर उभा राहणार नाही.

तेव्हा दोस्तहो, बाह्या सरसावण्याआधी पेन्सिल उचला!