गुडघाभर पाणी

म्युनिकहून बाड व्योरिसहोफेनला जाताना आम्ही ट्युर्कहाइमला गाडी बदलली. आईच्या गुडघ्यांमुळे मी वाटेतला प्रत्येक जिना धास्तीने बघत होते. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्ष झालं होतं. "त्याआधी तुमच्याकडचे पाण्याचे उपचार बघू," असं म्हणत ती या उन्हाळ्यात आली होती.

हे गाव सेबास्टियन क्नाइप या पाद्रीबाबाचं. विद्यार्थी असताना क्षयाने खंगलेला हा माणूस १८४९ च्या थंडीत डॅन्यूबमध्ये क्षणभर बुडी मारून बाहेर यायचा. तो बरा झाला आणि १८५५ मध्ये इथल्या नन्सच्या मठात आला. पाणी, वनस्पती, व्यायाम, आहार आणि नेमाची दिनचर्या, एवढ्यावर त्याचे उपचार उभे आहेत.

बागेपाशी एका योगवर्गाची जाहिरात होती. मांडी घातलेली आकृती आणि तिच्यावर सात चक्रं, खाली लाल, वर जांभळं, थेट इंद्रधनुष्य. आई थबकली. "हे रंग कुणी दिले गं?" ती रोज ज्ञानेश्वरी वाचते. सहाव्या अध्यायातली कुंडलिनी तिच्या ओळखीची, पण हा रंगपट तिला तिथे कधी भेटला नव्हता. मी घरी येऊन शोधलं. पूर्णानंदांच्या १५७७ च्या 'षट्चक्रनिरूपणा'त मणिपूर चक्र मेघासारखं सावळं आहे. इंद्रधनुष्याचा क्रम विसाव्या शतकात पश्चिमेकडे बसवला गेला.

"म्हणजे आपलंच इकडे येऊन रंगून गेलं," आई म्हणाली.

पण उलटंही झालंय. आमचे आजोबा उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात जाऊन यायचे आणि घरी टबात कटिस्नान घ्यायचे. आमच्या घरी त्याला 'गांधीजींचं औषध' म्हणत. गांधीजींनी ते घेतलं होतं लाइपझिगच्या लुई कूनेकडून, आणि मातीच्या पट्ट्या आडोल्फ युस्टच्या पुस्तकातून. १९०२ मध्ये मुंबईत मणिलालला विषमज्वर झाला, तेव्हा त्यांनी त्याला कूनेचीच स्नानं दिली. १९४६ मध्ये उरुळीचं केंद्र सुरू झालं. आजोबांचं अस्सल देशी औषध मुळात जर्मन होतं!

दुसऱ्या दिवशी आई कठडा धरून थंड पाण्यात उतरली. बगळ्यासारखा एकेक पाय पूर्ण बाहेर काढून चालायचं. तुम्ही गेलात तर पाय गार असताना उतरू नका. नंतर टॉवेलने न पुसता हातांनी पाणी निथळायचं आणि लोकरीचे मोजे चढवून थोडं चालायचं. आईचा चेहरा खुलला. "पायांत काहीतरी वाहतंय बघ."

तिथल्या उपचारतज्ज्ञ बाईंना मी ते जर्मनमध्ये सांगितलं. त्या म्हणाल्या, "रक्त नक्की वाहतंय. त्यापलीकडचं मला मोजता येत नाही. पण गुडघ्यातली झिजलेली गादी या पाण्याने परत येणार नाही, हे त्यांना सांगा."

वर्षभर हेच सांगायचं मी टाळत होते. बाकावर बसून, मोजे घालता घालता सांगितलं. आई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

"नव्वद अंशांत पाय वाकेल ना गं त्यानंतर? पोथी वाचायला खुर्ची चालेल मला."

डिसेंबरमध्ये ऑपरेशन आहे. मी पुण्याला जातेय. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड तिने आताच मागवून ठेवलेत.