मामाची प्रत्येक मॅच ‘अवे’

यवतमाळहून ट्रेनने कुठेही जायचं, तर आधी यवतमाळ सोडावं लागतं. इंग्रजांनी कापसासाठी टाकलेली शकुंतला, आमची ती लाडकी नॅरोगेज, कधीच बंद पडली. त्यामुळे एसटीने धामणगाव गाठायचं आणि तिथून विदर्भ एक्स्प्रेस पकडायची. रात्रभर डोलत गेलं की सकाळी सीएसएमटी. माझा मामा मार्च २०२४ मध्ये असाच आला. पाठीवर सॅक, हातात डब्याची पिशवी आणि डोक्यात एकच गोष्ट, वानखेडेवरची रणजी फायनल. मुंबई विरुद्ध विदर्भ!

मामाचं यवतमाळमध्ये कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. रणजीचा सीझन म्हणजे कापूस घरात यायचा आणि उधारी वसूल व्हायचा सीझन. नेमका तेव्हाच हा माणूस शटर खाली ओढून विदर्भाच्या मागे फिरतो. मामी आता भांडतसुद्धा नाही. फक्त विचारते, ‘तीन दिवस का पाच?’

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब कशाला, होम ग्राउंडवर बघ की! अहो, होम ग्राउंड म्हणजे नागपूरचं जामठा. यवतमाळहून सव्वाशे किलोमीटरच्या वर. वर्धा रोडनेच बस जाते, त्यामुळे ड्रायव्हरला पटवलं तर तो नागपूरच्या आधीच स्टेडियमजवळ उतरवतो, एवढंच काय ते सुख. ‘यवतमाळवाल्याची सारी मॅच बाहेरचीच असते,’ असं मामा म्हणतो. एकदा सव्वाशे किलोमीटर जायचंच आहे, तर मग आठशे काय वाईट?

हे वेड जुनंच, पण त्याला खरी फोडणी मिळाली इंदूरला. डिसेंबर २०१७. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीसाठी घरी आलेली. अमरावतीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मामा मला घेऊन गेला. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा विदर्भ पहिल्यांदाच फायनलमध्ये, समोर दिल्ली. गुरबाणीने हॅट्ट्रिक घेतली आणि मामा माझ्या खांद्यावर एवढ्या जोरात थाप मारून ओरडला की अजून आठवतंय. रणजी फायनलच्या इतिहासातली ती दुसरीच हॅट्ट्रिक! आणि घेणारा कोण, तर सिव्हिल इंजिनीअर. (तुमच्या एचआरला सांगा, करिअर असंही बदलतं.) वाडकरचं शतक झालं, विदर्भाने ५४७ ठोकले आणि १ जानेवारी २०१८ ला नऊ विकेट्सने कप घेतला. त्या चार दिवसांत मामाची इंदूरबद्दल एकच तक्रार होती. पोह्यांवर शेव आहे, सोबत जिलबी आहे, पण तर्री नाही म्हणजे काय!

पुढच्या वर्षीची फायनल जामठ्यालाच झाली. सौराष्ट्रविरुद्ध नाबाद ७३ काढले अक्षय कर्णेवारने, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पोट्ट्याने. हा दोन्ही हातांनी बॉलिंग टाकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटीत चार ओव्हर टाकल्या, चारही मेडन, शून्य रन, दोन विकेट. मामाने त्या स्कोअरकार्डचा स्क्रीनशॉट मला पाठवला. मग दहा मिनिटांनी पुन्हा पाठवला.

तर, वानखेडे. मामा उतरला होता कळव्याला, गावाकडच्या मित्राकडे. रोज सकाळची लोकल पकडून तो स्टेडियममध्ये हजर. मी फ्रीलान्सर. लोकांना वाटतं, आपल्याला सुट्ट्याच सुट्ट्या. प्रत्यक्षात डोक्यावर दोन डेडलाइन होत्या, म्हणून मी जाणार होते फक्त शेवटच्या दिवशी. मंगळवारी मुशीर खानचं शतक झालं आणि मित्रमंडळींच्या नादात मी स्टेटस टाकलं, ‘आमची मुंबई!’ सोबत निळं हार्ट. आठ वर्षं या शहरात राहतेय, आपोआप झालं ते.

संध्याकाळी बघितलं, ‘सीन’च्या यादीत मामा.

गुरुवारी, १४ मार्चला, मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. टार्गेट ५३८, आम्ही पाच बाद २४८. पहिल्या डावात १०५ ला गुंडाळले गेलो होतो, पण मामा तेव्हाही उठला नव्हता. आजूबाजूला सगळी मुंबई. वाडकर आणि हर्ष दुबे मात्र हलेनात. लंचपर्यंत एकही विकेट नाही! मागच्या रांगेतल्या काकांनी पेपरची घडी करून खिशात घातली.

लंचला मामाने डबा उघडला. मामीच्या हातच्या सांबारवड्या, दोन दिवसांपूर्वी धामणगावला जाणाऱ्या ओळखीच्या कोणाकडून तरी मागवून घेतलेल्या. शेजारच्या मुंबईकर मुलाला त्याने एक दिली. मुलाने खाल्ली आणि विचारलं, ‘पण यात सांबार कुठंय?’ आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग मामा माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तू मुंबईवाली झाली का वं?’

मला उत्तर सुचेना. ‘तसं नाही रे,’ एवढंच म्हटलं. भाडं इथे भरते, आधारवरचा पत्ता यवतमाळचा आहे, आई अजून फोनवर ‘घरी कधी येतेस’ विचारते. हे सगळं काही त्याला सांगायची गरज नव्हती.

लंचनंतर वाडकरचं शतक झालं. आमच्या भागात उभे राहिले दोघंच, मामा आणि मी. मी शिट्टीपण मारली. आणि मग लगेच वाडकर एलबीडब्ल्यू, १०२. पाच बाद ३५३ वरून सगळे बाद ३६८. शेवटच्या पाच विकेट्स पंधरा रनांत गेल्या, डबा बंद करायलाही वेळ मिळाला नाही. मुंबई १६९ रनांनी जिंकली, त्यांचं ४२ वं टायटल.

सीएसएमटीपर्यंत चालत गेलो. मामा मॅचबद्दल बोलेना. वर्धा ते कळंब नवी ट्रेन सुरू झाली, त्याबद्दल बोलत होता. २८ फेब्रुवारीला झेंडा दाखवला, आता कळंबपर्यंत आली, यवतमाळला आली की मग बघ. संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस लागली. खिडकीतून तो म्हणाला, ‘ते हार्ट तर निळं होतं. आपला रंग कोणता, ठाऊक आहे का तुले?’ खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हता.

पुढच्या फेब्रुवारीत सेमीफायनलला पुन्हा मुंबईच समोर आली, या वेळी जामठ्याला. मला जाता आलं नाही. २१ फेब्रुवारी २०२५ ला दुपारी फोन वाजला. मागे नुसता गोंगाट. ‘ऐंशी रनांनी हाणलं!’ मामा ओरडत होता. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, ‘मुंबईची चार-पाच पोरं आली होती वं पार तिकडून. तोंडं पडली बिचाऱ्यांची. डबा त्यांनाच देऊन टाकला.’