बोटीवर किती माणसं?

यॉट क्लबमध्ये जाते असं सांगितलं की समोरच्याच्या डोक्यात लगेच एक चित्र तयार होतं. पांढरीशुभ्र बोट, गॉगल, हातात ग्लास, मागे सूर्यास्त. आमचा रविवार प्रत्यक्षात सुरू होतो तो बादली आणि स्पंजने. आठवडाभर होडीच्या तळाशी साचलेलं पाणी आधी उपसावं लागतं. मग कबुतरांनी आणि बगळ्यांनी केलेली घाण धुवायची, आणि मग शिडाला हात लावायचा.

मी क्लबची सदस्य नाही. मुंबईतला सर्वांत जुना यॉट क्लब १८४६ सालचा. आमचा तो नव्हे, आमचा बराच लहान आणि नवा. तरीही तिथली मेंबरशिप माझ्या पगारात बसत नाही. मी जाते ती क्रू म्हणून. ही वाट फारशी कुणाला माहीत नसते. होडी विकत घेणारे निघतात, पण दर रविवारी उन्हात दोर ओढायला येणारी माणसं मिळत नाहीत. वीस-चोवीस फुटी होडीला तीन-चार जण लागतात : एक सुकाणूवर, एक मोठ्या शिडावर, एक पुढच्या शिडावर. एकाने दांडी मारली की मालकाची महागडी होडी जागच्या जागी हेलकावत राहते. त्यामुळे वेळेवर येणारी आणि ‘ताण’ म्हटल्यावर आधी दोर ताणून मग प्रश्न विचारणारी कुणीही तिथे चालते. मैत्रिणीच्या काकांना असंच कुणीतरी हवं होतं. त्याला आता चार वर्षं झाली.

पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत आमचा हंगाम. बहुतेक रविवारी शर्यती असतात. त्यात आरडाओरडा असतो, नियमांवरून भांडणं असतात आणि संध्याकाळी त्याच भांडणांची उजळणी. पण वर्षातून एकदा-दोनदा रॅली असते. मोटारींच्या रॅलीमुळे हा शब्द फसवा झालाय. शिडाच्या होड्यांची रॅली म्हणजे सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं, जेवायचं आणि सगळ्यांनी मिळून परत यायचं. यात कुणी पहिला येत नाही. सर्वांत हळू होडीच्या वेगाने सगळा ताफा चालतो.

शर्यतीपेक्षा ही कल्पना जुनी असावी. आयर्लंडमधल्या कॉर्कचा क्लब आपली सुरुवात १७२० सालापासून मोजतो. जगातला सर्वांत जुना यॉट क्लब म्हणून त्याचं नाव घेतात. ते लोक सुरुवातीला शर्यती लावत नसत. एकाला ॲडमिरल नेमायचे आणि त्याच्या मागून ताफ्याने फिरायचे. ॲडमिरलच्या पुढे कुणी जायचं नाही, परवानगीशिवाय ताफा सोडायचा नाही, असे त्यांचे नियम होते. मेजवानीला किती दारू आणायची याचीही मर्यादा ठरलेली होती. आजची नावाजलेली रॅली म्हणजे ‘एआरसी’. १९८६ पासून दर वर्षी होड्या कॅनरी बेटांवरून निघून अटलांटिक ओलांडतात आणि कॅरिबियनला पोचतात.

आपल्याला कौतुक असतं ते एकट्याने जाणाऱ्यांचं, आणि ते रास्तच आहे. नौदलाचे दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि पृथ्वीला फेरी मारून मे २०१० मध्ये मुंबईतच परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून असं करणारे ते पहिले भारतीय. होडीही गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. पण रॅलीतलं कौशल्य वेगळं आहे. वारा चांगला असताना मागच्यासाठी शीड ढिलं सोडून थांबणं वाटतं तितकं सोपं नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी आमच्या मांडव्याच्या रॅलीला मी बाबांना घेऊन गेले. सदस्य आणि क्रू यांना घरचं एक माणूस आणता येतं. बाबा आधी तयारच नव्हते. “पैसे देऊन होडीत बसायचं? आमच्याकडे होडीत बसायचे पैसे मिळायचे.”

आजोबा गलबतावर खलाशी होते. रेवदंड्याजवळचं आमचं गाव. मंगलोरी कौलं, जळाऊ लाकूड, मीठ, जे मिळेल ते भरून शिडावर मुंबईला आणायचं. त्यांनी बाबांना पाण्यापासून लांब ठेवलं, शाळेत घातलं. बाबा एसटीत चिकटले, आम्ही शहरात वाढलो. आमच्या घरातून शीड अशा रीतीने एका पिढीत गेलं. ते माझ्यामार्फत रविवारी सनस्क्रीन लावून परत आलं, याची बाबांना गंमतही वाटत होती आणि थोडा रागही येत होता.

आदल्या रात्री मी फोनवर भरतीचं ॲप बघत होते. बाबांनी विचारलं, “उद्या तिथी काय?” अष्टमी होती. “मग सहाला भरती.” हा हिशोब किनाऱ्यावर पूर्वी लहान पोरांनाही यायचा : तिथीला पाऊणपट करायची. आठाचे पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण, दुपारी बाराच्या सुमारास सुकती, संध्याकाळी परत भरती. मुंबई बंदरापुरतं हे गणित आजही मिनिटांच्या नाही, तरी अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने जमतं. आमच्या रॅलीसाठी अष्टमीच्या आसपासचा रविवार धरतात तो याचमुळे. सकाळी ओसरतं पाणी आपल्याला बाहेर नेतं, दुपारनंतर चढतं पाणी आत आणतं. शिवाय भांगाचे दिवस असल्यामुळे ओढही कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तेच पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं आणि छोट्या होडीला नको तिकडे घेऊन जातं.

सकाळी साडेसातला नऊ होड्या जमल्या, सोबत क्लबची इंजिनवाली सेफ्टी बोट. निघण्यापूर्वी रेडिओवर हजेरी होते. सेफ्टी बोट एकेका होडीचं नाव घेते आणि एकच प्रश्न विचारते : “बोटीवर किती माणसं?” आमच्या होडीवरून उत्तर गेलं, “पाच.” मालक काका, त्यांचा भाचा, मी, बाबा आणि बोटमन. बोटमन म्हणजे होडी सांभाळणारा पगारी माणूस. आमचे बोटमन काका करंजाचे. ज्या दोराला ते हात लावतात तो परत सुटत नाही. सगळ्या होड्यांचे आकडे आले, सेफ्टी बोटीवरचे दोघं मिळवले, आणि रेडिओवर बेरीज सांगितली गेली. बेचाळीस.

मांडवा सरळ रेषेत आठेक सागरी मैल. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो, तो मागून मिळतो, त्यामुळे होडी कलत नाही आणि डबे उघडता येतात. मधे एकच गंभीर जागा, मोठ्या जहाजांची वाट. शिडाच्या होडीला सगळ्यांनी रस्ता द्यायचा असतो असा पुष्कळांचा समज असतो. बंदराच्या अरुंद चॅनलमध्ये तसं नाही. कंटेनर जहाजाला तिथे वळायला जागा नसते, थांबायला अंतर नसतं. बाजूला व्हायचं आपणच. म्हणून चॅनलच्या अलीकडे सगळ्या होड्या एकमेकींसाठी थांबतात आणि जहाज गेल्यावर एका घोळक्याने पार होतात.

तिथे थांबलो असताना बोटमन काकांनी बाबांना विचारलं, “गाव कंचा?” बाबांनी सांगितलं. मग आजोबांच्या गलबताच्या मालकाचं नाव निघालं, ते काकांच्या चुलत्याला माहीत असल्याचं निघालं. पुढचा तासभर ते दोघं ज्या बोलीत बोलत होते ती बाबांच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मालक काकांनी बाबांना सुकाणू धरायचा आग्रह केला. बाबा “नको, तुम्हीच धरा” म्हणाले. पण हात मात्र सबंध वेळ कडेच्या लाकडावर ठेवून बसले होते.

मांडव्याला नांगर टाकल्यावर पुन्हा तीच हजेरी. बेचाळीस. छोट्या डिंगीतून खेपा करत सगळे किनाऱ्यावर आलो. एका घरगुती खाणावळीत जेवण सांगितलेलं होतं : तांदळाच्या भाकऱ्या, तळलेली सुरमई, कोलंबीचा रस्सा, सोलकढी. लांब टेबलं मांडलेली. क्लबच्या माणसाच्या हातात एक कागद होता, त्यावर दोन रकाने, सदस्य आणि पाहुणे. एकूण ताटं तेहेतीस.

बोटमन आणि सेफ्टी बोटीवरचे दोघं थोड्या अंतरावर सुरूच्या झाडांखाली बसले होते. त्यांच्यासाठी क्लबच्या कँटीनमधून पोळी-भाजीचे पुडे आले होते. कुणी त्यांना हाकललं नव्हतं. कुणी वाईट बोललंही नव्हतं. पद्धतच तशी होती, आणि पद्धत असली की कुणाला काही ठरवावं लागत नाही.

बाबांनी ताट वाढून घेतलं आणि मला हळूच विचारलं, “सकाळी बेचाळीस म्हणाले होते ना?” मी हो म्हटलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. ताट घेऊन ते सुरूंच्या दिशेने चालू लागले. मी माझं ताट घेऊन मागोमाग गेले. टेबलावरून एकाने “अरे, जागा आहे इथे!” अशी हाक मारली, ती मनापासूनच मारली होती. बाबांनी हात वर करून “बसा, बसा” म्हटलं. खाली पोचल्यावर त्यांनी सुरमईचा तुकडा मोडून काकांच्या पोळीवर ठेवला आणि काकांनी त्यांच्या ताटात भाजी घातली.

मला त्या दिवसापासून तो रेडिओवरचा प्रश्न वेगळाच ऐकू येतो. समुद्रावर माणूस मोजताना त्याची मेंबरशिप विचारून चालत नाही. होडी उलटली तर पाण्यात पडलेल्या प्रत्येकाला शोधावं लागतं, म्हणून प्रत्येकाला मोजावं लागतं. तिथे बरोबरी येते ती भीतीतून, कुणाच्या चांगुलपणातून नव्हे. पाय वाळूला लागले की भीती संपते आणि आकडा नऊने उतरतो.

पुढच्या वर्षी रॅलीच्या तयारीला हात लावणाऱ्यांत मी होते, कारण एक्सेल शीट करायला कुणीच तयार नव्हतं. सेफ्टीसाठी एक यादी असायची, जेवणासाठी दुसरी. मी एकच केली. होडीचं नाव आणि बोटीवर किती माणसं. हाच आकडा रेडिओला, हाच खाणावळीला. वर्गणी ताटांच्या हिशोबाने थोडी वाढली. एका सदस्याने विचारलं, “पण त्यांना आपल्यात अवघडल्यासारखं नाही का होणार?” मालक काका म्हणाले, “त्यांनाच विचारू या की.”

बोटमन काकांचं उत्तर साधं होतं. “ताट पायजे. टेबल नको. सुकतीला नांगर सुटला तर तुमच्या टेबलावरून दिसंल का?” खरंच होतं ते. पाणी ओसरताना होड्या कुठे फिरतात, कुठली तळाला टेकते, हे बघत बसायला सुरूखालचीच जागा योग्य होती. तेव्हा या वर्षीही ते तिथेच बसले, फक्त भाकरी-सुरमई घेऊन. टेबल एक झालं असं मी म्हणणार नाही. क्लबच्या मेंबरशिपची रक्कमही तीच आहे आणि माझ्या पगारात ती आजही बसत नाही. पण सुरूखाली आता टेबलावरचीही दोन-तीन माणसं जाऊन बसतात. नांगराकडे बघायला म्हणून जातात आणि जेवण संपेपर्यंत उठत नाहीत.

बाबा या वर्षी न बोलावता आले. परतताना समुद्रावरून येणारा खारा वारा जोरात होता, थेट नाकासमोरून. अशा वाऱ्याला सरळ जाता येत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, नागमोडी चढावं लागतं. आठ मैलांचे बारा होतात. एक होडी फारच मागे पडली होती. आम्ही शीड ढिलं केलं आणि थांबलो. शीड फडफडत राहिलं, पाणी अंगावर उडत राहिलं. मालक काकांनी सुकाणूचा दांडा पुढे केला तेव्हा बाबांनी या वेळी नको म्हटलं नाही.

मागची होडी जवळ आली. रेडिओ खरखरला आणि नेहमीचा प्रश्न आला. मी उत्तर द्यायला माइक उचलला, तेवढ्यात सुकाणूवरून नजर न काढता बाबाच म्हणाले, “सांग, पाच.”