बिदागीचा हिशेब



आमच्या आंदर मावळात पूर्वी कीर्तनकाराला नारळ, उपरणे आणि पायलीभर तांदूळ मिळत. रोख मिळालीच तर एसटीच्या तिकिटापुरती. त्या बिदागीवर कर बसेल हे कुणाच्या मनातही येत नसे, कारण कर बसावा एवढी ती नसेच. आता सप्ताहाच्या पत्रिकेवर महाराजांचे रंगीत छायाचित्र असते आणि बुवा मंडपातून उतरायच्या आत बिदागी फोनवरून खात्यात पडलेली असते. हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. मृदंगाचार्यालाही घरसंसार आहे, गाडीला डिझेल लागते. मात्र जे खात्यात पडते त्याची नोंदही कायमची राहते.

टाकव्यातला एक तरुण माझ्याकडे पाठांतराला येई. कारखान्यातली नोकरी सोडून तो पूर्णवेळ कीर्तनाकडे वळला. गळा गोड, पाठांतर चोख, त्यामुळे तारखा भरू लागल्या. गाडीच्या कर्जासाठी बँकेने विवरणपत्र मागितले, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये तो वडगावला एका करसल्लागाराकडे गेला. बारा लाखांपर्यंत कर नाही हे त्याने ऐकले होते, तेव्हा जाताना निश्चिंत होता. परतला तो थेट माझ्या ओसरीवर, हातात कागद घेऊन. भरायची रक्कम होती ३९,२६० रुपये.

तो कागद आम्ही दोघांनी मिळून वाचला. वर्षभरात त्याची ८८ कीर्तने झाली होती, सरासरी पंधरा हजारांप्रमाणे १३,२०,००० रुपये. मृदंगाचार्य, गायक, टाळकरी आणि गाडी यांवर ४,८०,००० गेले. उरले ८,४०,०००. आता बारा लाखांची गोष्ट. ती सवलत १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली हे खरे, पण ती १ एप्रिल २०२५ पासूनच्या कमाईला. याचे विवरणपत्र ३१ मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचे. त्या वर्षी नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंतच कर माफ होता. सात लाख ओलांडले की तीन लाखांच्या पुढचा हिशेब सुरू होतो. म्हणून कर ३४,००० आणि त्यावर चार टक्के उपकर धरून ३५,३६०.

वरचे ३,९०२ रुपये व्याजाचे. याचेच त्याला जास्त दुःख. "बुवा, विवरणपत्र वेळेत भरतोय, मग व्याज कसले?" नोकरदाराचा कर मालक दरमहा कापून भरतो. स्वतःच्या व्यवसायावर जगणाऱ्याचा कापणारा कुणी नसतो. म्हणून वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून अधिक होणार असेल, तर तो वर्ष चालू असतानाच भरत जायचा. १५ जूनपर्यंत पंधरा टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत पंचेचाळीस, १५ डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि १५ मार्चपर्यंत सगळा. यालाच आगाऊ कर म्हणतात. तो न भरल्यास महिन्याला एक टक्का व्याज चढते, आणि पुढे प्रत्यक्ष रक्कम भरेपर्यंत चढतच राहते. माझ्या वयाच्या कीर्तनकारांनी इथे लक्ष द्यावे. साठीच्या पुढच्यांना आगाऊ कराची माफी आहे, पण ज्यांना धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नाही त्यांनाच. बिदागी चालू असलेल्या सत्तरीच्या बुवांना ती लागू नाही.

संध्याकाळी देवळाच्या पारावर ही गोष्ट निघाली आणि जो तो कायदेपंडित झाला. एक म्हणाला, कीर्तन हा धर्म, धर्मावर कर नसतो. अरे, नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेला सवलत असते. सप्ताहाची देणगी अशा संस्थेची झाली, पण बुवाच्या खात्यात पडलेली बिदागी बुवाचीच. दुसरा म्हणाला, ही भेट आहे, कमाई नव्हे. कीर्तनाची तारीख देऊन घेतलेल्या पैशाला भेट म्हणताना आपल्यालाच हसू यावे. आणि वादापुरती ती भेट धरली तरी नातलगांखेरीज इतरांकडून वर्षात पन्नास हजारांवर भेटी आल्या की त्या सगळ्याच करपात्र ठरतात. तिसऱ्याने दामाजीपंतांचे नाव काढले. पांडुरंग विठू होऊन बेदरला गेला आणि त्याने पंतांचा भरणा केला, हे मी पन्नास वर्षे आख्यानात सांगितले आहे. त्या कथेतही देवाने माफी मागितली नाही. रक्कम पुरी मोजली आणि पावती घेतली.

पण तरुणाच्या मनात काही वेगळेच चालले होते. सगळे उठून गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बुवा, यापुढे पाकीटच घेतो. फोनवर नको."

मला करापेक्षा याची भीती वाटली. एवढ्या वर्षांत पाकिटाचे सवयीत रूपांतर झालेले मी पाहिले आहे. मी म्हणालो, "पाकिटातले उत्पन्न नसते असे थोडेच आहे? आणि उद्या व्यासपीठावरून नाथांची पैची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगशील?" देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथांना हिशेबात एका पैची चूक सापडेना. रात्र उलटली आणि ती सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. ही कथा सांगितली की मंडपही टाळ्या वाजवतो.

तो गप्प राहिला, मग म्हणाला, "तुकोबांनी तर वह्याच बुडवल्या." हे मात्र मला आवडले, कारण यात विचार होता. आपल्या आंद्रेचे पाणी पुढे इंद्रायणीलाच मिळते, तिच्याच डोहात त्या खतपत्रांना जलसमाधी मिळाली. पण बुडवले ते नीट पाहावे. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची ती खते होती. त्यातलाही कान्होबांचा अर्धा वाटा तुकोबांनी आधी त्यांना देऊन टाकला, आणि मग आपला बुडवला. बुडवली ती येणी, देणी नव्हेत.

कीर्तनाचे द्रव्य घ्यावेच का, हा प्रश्न याहून जुना आणि याहून कठीण आहे. जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये, इथवर तुकोबांची शिकवण जाते. ती पाळणारे थोडे, आणि त्यांच्यापुढे मी हात जोडतो. बाकीच्यांनी घेतो ते उघड घ्यावे. विवरणपत्रात सेवेसमोर 'व्यवसाय' लिहिताना त्या पोराचा हात अडखळला, हे मला चांगलेच लक्षण वाटले.

पखवाजाच्या नव्या जोडणीसाठी त्याने तीस हजार बाजूला ठेवले होते. त्यात आईकडून घेतलेली भर घातली आणि दुसऱ्याच दिवशी चलन भरले. पखवाज एक वर्ष जुन्या वादीवरच चालेल. चालू वर्षात कमाई एवढीच राहिली तर नव्या सवलतीने त्याला कर लागणार नाही. विवरणपत्र मात्र भरावेच लागेल, कारण चार लाखांवर उत्पन्न गेले की ते चुकत नाही.

त्याने आता लाल बासनाची वही केली आहे. तारीख, गाव, बिदागी, आणि खाली कुणाला किती दिले. सल्लागाराने बजावले होते की साथीदारांना दिलेल्या रकमेची नोंद नसेल तर ती सगळी तुझीच कमाई धरली जाईल. म्हणून तो प्रत्येकाची सही घेतो. पहिल्यांदा मृदंगाचार्य रागावले, माझ्यावर विश्वास नाही का म्हणाले. गेल्या एकादशीला तेच वही मागून घेऊन आपल्या सह्या मोजत बसले होते. वर्षाचे किती झाले ते पाहिले आणि त्या सल्लागाराचा पत्ता विचारला.